कर्तव्य, अधिकार आणि मागे राहिलेले देणे

एखादे कर्म चांगले की वाईट, हे कशावरून ठरवावे? त्या कर्मापासून जे फळ निपजते त्यावरून, की ते करणे कर्तव्य आहे एवढ्याच कारणावरून? नीतिशास्त्रात या प्रश्नाची दोन उत्तरे दिली गेली आहेत. फळाकडे पाहून कर्माची किंमत करणारा तो परिणामवाद; कर्तव्य म्हणून कर्माचा आदर करणारी ती कर्तव्यनिष्ठ नीती. पहिल्या पक्षाचा माणूस विचारतो, ‘यातून कोणाचे किती भले होईल?’ दुसऱ्या पक्षाचा विचारतो, ‘हे करणे माझ्याकडून योग्य आहे काय?’

महानुभाव पंथाचा आचार स्थूलमानाने दुसऱ्या पक्षात मोडतो. सूत्रपाठातील आचार व आचारमालिका ही प्रकरणे विधी आणि निषेध यांनी भरलेली आहेत. काय करावे, काय करू नये, कोठे राहावे, भिक्षा कशी करावी, हे तेथे सांगितले आहे. अमुक केल्याने अमुक ऐहिक लाभ होईल असा हिशेब मांडलेला नाही. डॉ. वि. भि. कोलते यांनी ‘महानुभाव आचारधर्म’ या ग्रंथात या आचाराचे सविस्तर विवेचन केले आहे. तेव्हा कर्तव्यनिष्ठ नीतीवर विचारवंतांनी घेतलेले आक्षेप पंथाच्या आचारालाही लागू पडतात काय, आणि पडत असल्यास त्यांचे उत्तर काय, हे पाहणे साधकाला आणि वासनिकालाही उपयोगाचे आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे नीट न ऐकता केलेले समाधान टिकत नाही. म्हणून येथे पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडला आहे.

कर्तव्यनिष्ठ नीतीचे स्वरूप

युरोपात या मताची सर्वांत कसून मांडणी जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट (१७२४–१८०४) याने केली. त्याच्या मते जगात निरपवाद चांगली अशी एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे शुद्ध संकल्प. बुद्धी, धैर्य, संपत्ती यांचा दुरुपयोग होऊ शकतो. कर्तव्यबुद्धीने केलेल्या संकल्पाचा होत नाही. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून प्रामाणिकपणे तोलणारा दुकानदार वाईट वागत नाही. परंतु त्याच्या वागण्यात नैतिक मोल नाही, कारण उद्या फसवणुकीत लाभ दिसला तर त्याला रोखणारे काही उरत नाही. कांट दोन कसोट्या देतो. ज्या नियमाने आपण वागतो तो सर्वांनी पाळावा असे आपल्याला म्हणता येते काय, ही पहिली. दुसरी अशी की, मनुष्याला, मग तो आपण असो वा दुसरा, केवळ साधन म्हणून कधीही वापरू नये.

या मताचे बळ पंथाच्या परंपरेतील एका प्रसंगावरून ध्यानात येते. नरेंद्र कवीने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. ते ऐकून देवगिरीचा राजा रामदेवराय याने दर ओवीला सोन्याचे नाणे देऊ केले आणि काव्यावर आपल्या नावाची मुद्रा घालावी असे सुचविले, अशी कथा पंथात सांगितली जाते. नरेंद्राने ते नाकारले. परिणामाकडे पाहणाऱ्याने येथे हिशेब केला असता: राजाला आनंद, कवीला धन, काव्याला राजाश्रय, तोटा कोणाचाच नाही. तरीही जे आपले नाही ते आपले म्हणवू देणे आणि त्याचा मोबदला घेणे यात खोटेपणा आहे, हे हिशेबाने झाकता येत नाही. परंपरा असेही सांगते की, ग्रंथ राजाकडे राहिला आणि आठवणीतून जेवढे उतरवून घेता आले तेवढेच काव्य पुढे टिकले. कर्तव्य पाळण्याची किंमत द्यावी लागते, आणि ती दिल्यानेच त्या कर्तव्याचे मोल कळते.

पूर्वपक्ष : पाच आक्षेप

पहिला आक्षेप कठोरतेचा आहे. खुनी माणूस दारात येऊन विचारतो, ‘तुझा मित्र घरात आहे काय?’ अशा वेळी खोटे बोलून मित्राचा जीव वाचवावा की नाही? सत्य ऐकण्याचा ज्याला हक्कच नाही त्याला सत्य सांगण्याचे कर्तव्य उरत नाही, असे बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच विचारवंताचे म्हणणे होते. कांटने १७९७ मध्ये त्याला उत्तर देताना तेथेही असत्य बोलू नये असाच निर्णय दिला. नियमासाठी मनुष्य बळी द्यावा, असे सांगणारी नीती माणुसकीची कशी, हा प्रश्न तेव्हापासून या मताचा पाठलाग करीत आला आहे.

दुसरा आक्षेप रिक्ततेचा आहे. ‘कर्तव्य करा’ असे सांगून कर्तव्य कोणते ते कळत नाही, असे हेगेलने म्हटले. जॉन स्टुअर्ट मिल याने १८६१ मध्ये दाखविले की, कांटची कसोटी चालवू लागले म्हणजे शेवटी ‘सर्वांनी असे केले तर काय होईल?’ हाच विचार करावा लागतो, आणि तो परिणामांचाच विचार होय. या रिक्ततेतून मोठा अनर्थ उद्भवू शकतो. लक्षावधी ज्यूंना मृत्युछावण्यांत पाठविण्याची व्यवस्था पाहणारा आडोल्फ आइखमान १९६१ मध्ये जेरुसलेम येथील खटल्यात म्हणाला की, आपण कांटच्या नीतीप्रमाणे जगत आलो. मनुष्याला केवळ साधन करू नये ही कांटची दुसरी कसोटी त्याने सोडून दिली होती हे खरे. परंतु ‘कर्तव्य’ हा शब्द आज्ञापालनाच्या पोकळीत किती सहज भरता येतो, हेही त्यातून दिसले.

तिसरा आक्षेप आपल्या भूमीतला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जातिभेद निर्मूलनाविषयीच्या प्रबंधात नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियम हा काय करावे ते सांगतो आणि करून घेतो. तत्त्व हे विचार करण्याची रीत देते आणि निर्णयाची जबाबदारी कर्त्यावर ठेवते. जो धर्म नियमांचाच केवळ संग्रह होतो, त्यात कर्ता जबाबदार राहत नाही, तो यंत्रवत् होतो. शिवाय ज्याचे त्याचे कर्तव्य जन्मावरून ठरविले की कर्तव्य ही बेडी होते. पिढ्यान् पिढ्या माणसांना हीन कामांशी जखडून ठेवताना ‘हा तुझा धर्म’ असेच सांगितले गेले, हे नाकारता येणार नाही.

चौथा आक्षेप कर्तव्यांच्या आपसांतील संघर्षाचा आहे. दोन कर्तव्ये एकाच वेळी समोर आली आणि एक पाळल्याने दुसरे मोडत असले, तर निरपवाद नियम काय सांगणार?

पाचवा आक्षेप शास्त्याविषयीचा आहे. इंग्लंडमधील विदुषी एलिझाबेथ अँस्कम यांनी १९५८ मध्ये असे प्रतिपादिले की, ‘करावे’ आणि ‘करू नये’ ही भाषा मुळात ईश्वरी आज्ञेची आहे. आज्ञा देणारा मानावयाचा नाही आणि आज्ञेची भाषा मात्र ठेवावयाची, हे निराधार होय. कांटने मनुष्याच्या विवेकालाच शास्ता मानले. परंतु स्वतःच स्वतःवर घातलेले बंधन स्वतःला सोडविता येणार नाही काय?

उत्तरपक्ष : शास्ता आणि त्याचा हेतू

शेवटच्या आक्षेपापासून आरंभ करणे सोयीचे आहे. पंथाच्या विचारात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न आहेत. आचाराची आज्ञा परमेश्वराची आहे; जीवाने ती स्वतःवर लादून घेतलेली नाही. म्हणून शास्त्याच्या अभावाचा दोष येथे लागत नाही. परंतु एवढ्याने काम भागत नाही. आज्ञा ईश्वराची आहे असे म्हणून माणसांनी जगात अनेक क्रूर कर्मे केली आहेत. तेव्हा आज्ञेचा हेतू काय आणि तो आज्ञेतच दिसतो काय, हे विचारलेच पाहिजे.

येथे श्रीनागदेवाचार्यांचा प्रसंग मार्गदर्शक आहे. केशिराजबास संस्कृतचे जाणते. संस्कृतात ग्रंथ करण्याची त्यांची इच्छा आचार्यांनी मान्य केली नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी मराठीत निरूपण केले, हे त्याचे कारण होतेच. त्याबरोबर आचार्यांनी मार्गातील म्हाताऱ्या, अशिक्षित बायांचे नाव घेतले. ग्रंथ संस्कृतात गेला तर त्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. हा निषेध आंधळा नाही. तो कोणाच्या हितासाठी आहे हे त्यातच सांगितले आहे. आंबेडकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे नियमाच्या पोटात तत्त्व उघड दिसते. हेगेलने सांगितलेली रिक्तता ज्या नीतीत आहे, तिच्यात असा चेहरा असलेला मनुष्य नसतो. येथे म्हातारी आहे.

उत्तरपक्ष : अधिकार

दुसरी गोष्ट अधिकाराची. कांटची कसोटी सर्वांना एकच नियम लावते. पंथाचा आचार प्रथम विचारतो की, हा विधी कोणासाठी? अनुसरलेल्याने एका जागी घर करू नये. वासनिकाला घर सांभाळावयाचे आहे. अनुसरलेल्याने द्रव्य ठेवू नये. वासनिकाने न कमावल्यास मुले उपाशी राहतील. ‘सर्वांनी भिक्षा करावी’ असा नियम जगाला लावला तर भिक्षा घालणारा कोणी उरत नाही. म्हणून काय तो विधी खोटा ठरतो? तो ज्याच्यासाठी आहे त्याच्यासाठी तो पूर्ण खरा आहे.

परभणी जिल्ह्याला या विषयात विशेष मान आहे. कवीश्वर भास्करभट्ट बोरीकर हे कासार बोरीचे, आणि ते गाव आजच्या परभणी जिल्ह्यात आहे, असे मानले जाते. चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ‘शिशुपालवध’ हे हजारावर ओव्यांचे काव्य रचले. ते पाहून त्यांच्या गुरुबंधूने जे मत दिले ते पंथात प्रसिद्ध आहे: ग्रंथ चांगला उतरला आहे, पण त्यातील शृंगार प्रवृत्त लोकांना साजेसा आहे, निवृत्ताच्या योग्यतेचा तो नाही. या मताचे दोन भाग नीट वेगळे करावयास हवेत. काव्य वाईट आहे असे गुरुबंधू म्हणाले नाहीत. शृंगार सर्वांनाच वर्ज्य आहे असेही नाही. ज्याने प्रपंच सोडला त्याच्या लेखणीकडून आणि त्याच्या श्रवणासाठी हे योग्य नव्हे, एवढाच तो निर्णय होता. भास्करभट्टांनी तो मानला आणि श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर ‘उद्धवगीता’ रचली.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पंथाने ‘शिशुपालवध’ टाकून दिले नाही. साती ग्रंथांत ‘शिशुपालवध’ आणि ‘उद्धवगीता’ दोन्ही आहेत. रचणाऱ्याची योग्यता कमी लेखली गेली नाही; पुढे आचार्यपद त्यांच्याकडे आले आणि कवीश्वर आम्नाय त्यांच्या नावाने चालला.

परंतु अधिकाराचा हा विचार दुधारी आहे, हे तिसऱ्या आक्षेपाने बजावलेच आहे. अधिकार जन्मावरून ठरला तर तो जुलूम होतो. पंथात अधिकार ठरतो तो अनुसरणाने, म्हणजे जीवाने स्वतः केलेल्या निर्णयाने. स्वामींच्या सन्निधानी महदाइसा, उमाइसा आदी स्त्रिया ज्ञानाच्या प्रश्नोत्तरात पुढे होत्या. रजस्वलेचा विटाळ मानण्याची कल्पना स्वामींनी नाकारली आणि शरीराच्या इतर धर्मांसारखाच हा एक धर्म असे समजाविले. स्त्रीपण किंवा जात ही अधिकाराची अट नव्हे, असाच याचा अर्थ होतो. पुढील काळात कोठे जन्माचा भेद आचारात शिरला असेल, तर तो आचाराचा भाग नव्हे. तो आचाराचा भंग आहे, आणि आंबेडकरांचा आक्षेप तेथे जसाच्या तसा लागू पडतो.

उत्तरपक्ष : संघर्ष आणि अपवाद

आता राहिले कठोरतेचे आणि संघर्षाचे आक्षेप. लीळाचरित्रात सशाची लीळा आहे. कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडला. पारध्यांनी तो मागितला. शरण आलेल्याला मरणाच्या हाती देता येत नाही, या भूमिकेवरून स्वामी ढळले नाहीत. त्यांनी पारध्यांनाच हिंसेविषयी विचार करावयास लावले आणि ते निघून गेल्यावर ससा मोकळा केला. येथे असत्यही नाही आणि शरणागताचा त्यागही नाही. कांट आणि कॉन्स्टंट यांच्या वादात बोलणे दोनच प्रकारचे धरले आहे, खरे किंवा खोटे. उघड नकार देऊन उभे राहणे ही तिसरी वाट या लीळेत दिसते.

तथापि प्रतिपक्षी म्हणेल, ससा कोठे आहे हे पारध्यांना ठाऊकच होते. शिवाय स्वामींचे सामर्थ्य सामान्य माणसाजवळ नसते. हे म्हणणे योग्य आहे. म्हणून महाभारताच्या कर्णपर्वातील प्रसंगाकडे वळावे लागते. आपले गांडीव दुसऱ्याला देण्यास जो सांगेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. युधिष्ठिराने संतापाच्या भरात तेच शब्द उच्चारले आणि अर्जुनाने खड्ग उपसले. तेव्हा श्रीकृष्ण चक्रवर्तींनी त्याला कौशिक ब्राह्मणाची कथा सांगितली. सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या कौशिकाने, लुटारूंच्या भयाने लपलेल्या माणसांची जागा विचारताच सांगून टाकली. माणसे मारली गेली आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. न बोलता सुटका होत असेल तर बोलू नये. बोलणे भागच पडले तर अशा वेळी असत्य बोलणे श्रेयस्कर, असा तेथील निर्णय आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात सत्य, अहिंसा यांच्या अपवादांचा ऊहापोह केला आहे, तो याच कारणाने.

परंतु ही कथा येथेच संपवून चालणार नाही. प्रतिज्ञा चुकीची होती, सोडून दे, एवढेच सांगून श्रीकृष्ण थांबले नाहीत. वडिलधाऱ्याचा अवमान हाच त्याचा वध, म्हणून अर्जुनाने युधिष्ठिराला एकेरीने कठोर शब्द बोलावे, अशी वाट त्यांनी काढून दिली. ते बोलल्यावर अर्जुन पश्चात्तापाने स्वतःचा घात करू लागला. तेव्हा आत्मस्तुती हाच आत्मवध, असे सांगून त्यालाही वाट दिली. शेवटी त्याने बंधूच्या पायांवर डोके ठेवले. मोठ्या कर्तव्यासाठी लहान कर्तव्य मागे सारावे लागले. पण मागे सारलेले कर्तव्य नाहीसे झाले नाही. त्याने आपले देणे दुसऱ्या रूपाने वसूल केले.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस याने १९३० मध्ये कांटच्या मतात जी दुरुस्ती सुचविली ती याच्या जवळ जाते. त्याच्या मते वचन पाळणे, कृतज्ञता, इजा न करणे ही सारी प्रथमदर्शनी कर्तव्ये आहेत. संघर्ष आला की प्रसंग पाहून एकाला प्राधान्य द्यावे. परंतु जे मोडावे लागले त्याची भरपाई करण्याचे ऋण उरते. आजाऱ्याला दवाखान्यात नेण्यासाठी भेटीचे वचन मोडले तर दोष नाही. तरी ज्याला वाट पाहावयास लावले त्याच्याकडे जाऊन क्षमा मागावी लागते. भास्करभट्टांचे उदाहरण या दृष्टीने पुन्हा पाहावे. ‘माझे काव्य चांगलेच आहे’ असे म्हणून ते थांबले नाहीत आणि काव्य जाळूनही टाकले नाही. निवृत्ताच्या कर्तव्याचे जे देणे राहिले होते, ते त्यांनी दुसरा ग्रंथ रचून फेडले.

शेतातील प्रश्न

हा विचार प्रत्यक्ष आचारात कसा उतरतो, ते परभणी भागातील वासनिक शेतकऱ्याच्या स्थितीवरून पाहता येईल. त्याने अहिंसेचा उपदेश घेतला आहे. आणि त्याच्या शेतात कापूस आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कापसाचे मोठे नुकसान केले. फवारणी करावी तर असंख्य जीव मरतात. न करावी तर पीक जाते, आणि त्याबरोबर मुलांचे अन्न व सावकाराची फेड. जीवहत्या करू नये हे कर्तव्य, आणि आश्रितांचे पोषण करावे हेही कर्तव्य.

कठोर पक्ष म्हणेल, पीक जाऊ द्या. परिणामवादी म्हणेल, किड्यांचा कसला विचार, फवारा आणि विसरून जा. दोन्ही पक्ष प्रश्न अर्धाच पाहतात. अधिकाराचा विचार सांगतो की, तो अनुसरलेला नाही. आश्रितांचा भार टाकून देण्याची त्याला मोकळीक नाही. हेतूचा विचार सांगतो की, अहिंसेचा विधी जीवांसाठी आहे, म्हणून हिंसा जितकी टाळता येईल तितकी टाळणे हेच त्याचे पालन. येथे कृषिशास्त्र त्याच्या मदतीला येते. १९७२ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ परभणीतच आहे. कपाशीची फरदड घेऊ नये, हंगाम संपताच पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावावी, पिकाची फेरपालट करावी, म्हणजे अळीचा जीवनक्रम तुटतो आणि पुढे मारावी लागणारी कीड मुळातच कमी होते, असे कृषिशास्त्र सांगते. कामगंध सापळे लावून किडीवर नजर ठेवावी, आरंभी पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा, आणि कीड नुकसानीच्या पातळीपलीकडे गेली तरच रासायनिक औषध फवारावे. दिवस ठरवून डोळे मिटून केलेली फवारणी आणि एवढे सर्व करून नाइलाजाने केलेली फवारणी, या दोहोंत मोठे अंतर आहे.

तरीही जीव मेलेच. ‘मी नियमाप्रमाणे वागलो’ असे म्हणून ते पुसून टाकता येत नाही. हे देणे ओळखणे, त्याची खंत धरणे, नामस्मरणात ते परमेश्वरापुढे ठेवणे, आणि पुढील हंगामात हिंसा आणखी कमी कशी होईल ते पाहणे, हा कर्तव्याचा उरलेला भाग आहे. जो ही खंत सोडतो त्याचा अपवाद पुढे सवय होतो, आणि सवयीला तो आचार म्हणू लागतो.

आक्षेपांचे फलित

विरोधकांचे आक्षेप निरर्थक नाहीत. त्यांनी कर्तव्यनिष्ठ नीतीची ठिसूळ जागा नेमकी दाखविली: हेतू विसरलेला नियम निर्दय होतो, अधिकार न पाहता लावलेला नियम अन्याय करतो, आणि जन्मावरून ठरविलेला अधिकार त्याहून मोठा अन्याय करतो. परंतु परिणामवादाकडे जाऊन हे दोष मिटत नाहीत. परिणामवादात जे मागे सारले त्याचे देणेच उरत नाही. बेरीज वजाबाकी झाली की हिशेब मिटला. नरेंद्राचा नकार आणि अर्जुनाने बंधूच्या पायांवर ठेवलेले डोके यांना त्या हिशेबात जागा मिळत नाही.

मननासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. एखादा विधी पाळताना साधकाने आणि वासनिकाने विचारावे: हा कोणाच्या हितासाठी आहे? तो माझ्यासाठी आहे काय, आणि ‘माझ्यासाठी नाही’ असे मी केवळ सोयीसाठी तर म्हणत नाही ना? आणि एखादे कर्तव्य मोठ्या कर्तव्यापुढे मागे ठेवावे लागले, तर त्याचे देणे मी कोठे, कसे फेडणार? पहिले दोन प्रश्न अनेकजण विचारतात. तिसरा बहुधा राहून जातो, आणि आचार शिथिल होण्यास आरंभ होतो तो तेथूनच.